जुना कोट नेमका किती जुना?

वाचकाचे पत्र : "गेली दोन वर्षे मी जुन्या काळातले पुरुषांचे कपडे ऑनलाइन विकत घेत आहे. तीन महिन्यांपूर्वी हॅरिस ट्वीड या जाड लोकरी कापडाचा एक कोट घेतला. वर्णनात '१९५०च्या दशकातला, शंभर टक्के अस्सल' असे लिहिले होते. कोट हातात आल्यावर आतल्या खिशाच्या तळाशी एक लहानसे पांढरे लेबल सापडले. त्यावर पाण्याचे टब, त्रिकोण, इस्त्री अशी चित्रे आहेत. मित्र म्हणतो, तू फसलास. विक्रेता म्हणतो, ट्वीडचे लेबल खरे आहे, मग तक्रार कसली? आता मी अमेरिकी सैन्याच्या एका एम-६५ जाकिटावर नजर ठेवून आहे. ते 'व्हिएतनाम युद्धात वापरलेले' आहे, त्यावर कापडी बिल्ले आहेत आणि तसल्याच बिनबिल्ल्याच्या जाकिटाच्या तिप्पट किंमत मागितली आहे. वस्तू हातात न घेता खरे-खोटे कसे ओळखावे, आणि किती पैसे द्यावेत हे कशावरून ठरवावे? — एक बिचकलेला ग्राहक"

प्रिय वाचक,

तुमचा मित्र आणि तुमचा विक्रेता या दोघांचेही निम्मे-निम्मे बरोबर आहे. ट्वीडचे लेबल खरे असू शकते, कापडही खरे असू शकते, आणि तरीही तो कोट १९५०च्या दशकातला नाही, हे जवळजवळ खात्रीने सांगता येते. तुमच्या विक्रेत्याने कापडाच्या खरेपणाचा पुरावा कोटाच्या वयासाठी वापरला आहे. त्याने हे जाणूनबुजून केले असेलच असे नाही, कारण या व्यवहारात असलेल्या अनेकांची समजूत प्रामाणिकपणे तशीच असते.

कपड्याची निगा कशी राखावी हे चित्रांतून सांगण्याची पद्धत १९५०च्या दशकात रूढ नव्हती. ही चिन्हे सांभाळणारी आंतरराष्ट्रीय संघटना पॅरिसमध्ये १९६३ साली स्थापन झाली. अमेरिकेत कपड्याला कायमचे जोडलेले निगा-लेबल १९७२ सालापासून सक्तीचे झाले. त्यावर सूचना शब्दांत द्याव्या लागत. शब्दांऐवजी नुसती चित्रे चालतील अशी मुभा तेथे १९९७ साली मिळाली. त्यामुळे तुमचा कोट अमेरिकेत शिवलेला असेल आणि त्या लेबलवर एकही शब्द नसेल, तर तो बहुधा १९९७ नंतरचा आहे. युरोपात शिवलेला असेल, तर १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पुढे तो कधीचाही असू शकतो.

यातून एक नियम निघतो आणि पुढचे सारे विवेचन मी त्यालाच धरून करणार आहे : कपड्याचे वय त्याच्या सर्वांत जुन्या दिसणाऱ्या भागावरून ठरत नाही, ते सर्वांत अलीकडच्या मूळ भागावरून ठरते. उत्खननात एखाद्या थरात कितीही जुनी मडकी सापडली, तरी त्याच थरात एक अलीकडचे नाणे मिळाले की तो थर त्या नाण्याच्या आधीचा ठरू शकत नाही. कोटाचेही तसेच आहे. विक्रेते नेमके याच्या उलट करतात. अंगावरची सर्वांत जुनी वाटणारी खूण शोधतात आणि तिचे साल शीर्षकात टाकतात.

या नियमातला कळीचा शब्द 'मूळ' हा आहे. बटण बदललेले असते, चेन बदललेली असते, अस्तर पुन्हा घातलेले असते, आणि अशा नंतरच्या दुरुस्तीवरून कपड्याचे वय काढले तर ते चुकतेच. म्हणून सापडलेली वस्तू शिवतानाच बसवली की नंतर जोडली, हे आधी पाहावे लागते. तुमच्या कोटाचा तो खिसा बाहेर उलटा करा आणि लेबलची कड जिथे शिवणीत शिरते ती जागा भिंगाखाली धरा. कड शिवणीच्या आत दाबली गेली असेल, तिच्यावरून जाणारी टीप अलीकडे-पलीकडे न तुटता त्याच धाग्याने आणि त्याच लांबीच्या टाक्यांनी पुढे गेली असेल, तर ते लेबल खिसा शिवला जात असतानाच तिथे बसले आहे. याउलट लेबल वरून चार बाजूंनी टाचलेले असेल किंवा टीप मध्येच सुरू होऊन मध्येच संपत असेल, तर ते नंतरचे असण्याची शक्यता उरते. धुण्याच्या सूचनांचे लेबल कोणी हौसेने नंतर लावत नाही, हा भाग वेगळा.

आता ट्वीडच्या लेबलविषयी. गोल आणि त्यावर क्रूस असे चिन्ह असलेले जे लेबल तुम्ही पाहता, ते कोट शिवणाऱ्याचे नसते, कापडाचे असते. हॅरिस ट्वीडच्या संरक्षणासाठी १९०९ साली संस्था स्थापन झाली आणि १९११ पासून कापडावर ते शिक्के मारले जाऊ लागले. पुढे १९९३ साली ब्रिटिश संसदेने त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील आउटर हेब्रिडीज बेटांवर रंगवलेल्या, कातलेल्या शुद्ध लोकरीचे, तेथील रहिवाशांनी आपल्या घरी हातमागावर विणलेले आणि त्याच बेटांवर अंतिम प्रक्रिया झालेले कापड म्हणजे हॅरिस ट्वीड, अशी त्या कायद्यातली व्याख्या आहे. हे कापड जगभर विकले जाते, त्यासोबत लेबले दिली जातात, आणि ज्याने कोट शिवला तो ती आत लावतो. म्हणजे खऱ्या लेबलवरून कापड कुठे विणले गेले एवढेच कळते. कोट उत्तम शिंप्याने बेतला की कारखान्यात गठ्ठ्याने शिवला, आणि तो १९५५ साली शिवला की १९९५ साली, याबद्दल ते मूक असते. लेबलच्या मजकुरात १९९३च्या कायद्याने आलेल्या 'हॅरिस ट्वीड ऑथॉरिटी' या नावाचा उल्लेख असेल, तर मात्र वयाचा प्रश्न तिथेच मिटतो.

लेबल एका कपड्यावरून काढून दुसऱ्यावर चढवता येते, ही आणखी एक अडचण आहे, आणि ती मी स्वतःच्या पैशांनी शिकलो आहे. काही वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडून मी एका नामांकित शिंपीघराचे लेबल असलेला करडा कोट घेतला. छायाचित्रात लेबल सुंदर दिसत होते, आणि माझा सारा विचार त्या एका छायाचित्रावरच थांबला. कोट आल्यावर लेबलचा एक कोपरा किंचित उचलून पाहिला, तर खालचे अस्तर आजूबाजूच्या अस्तराइतकेच विटलेले होते, आणि लेबलच्या कडेबाहेर सुईच्या जुन्या छिद्रांची दुसरी एक चौकट होती, जरा मोठ्या लेबलची. चाळीस-पन्नास वर्षे एका जागी असलेल्या लेबलखाली अस्तराचा मूळ रंग जपलेला असतो. भिंतीवरची जुनी तसबीर काढली की मागे गडद चौकोन दिसतो, तसा. तेव्हापासून मी लेबलचे छायाचित्र मागतच नाही, लेबलच्या चारही कडांचे मागतो.

शिंप्याने बेतून शिवलेल्या कोटांत आतल्या खिशात आणखी एक लहान चिठ्ठी असते, तिच्यावर ग्राहकाचे नाव आणि शिवल्याची तारीख शाईने किंवा टंकलेखनाने लिहिलेली असते. लंडनच्या सॅव्हिल रो येथील शिंप्यांच्या कोटांत ती हमखास शोधावी. तिच्याइतका नेमका पुरावा दुसरा नाही, आणि विक्रेत्यांना अनेकदा ती तिथे आहे हेच ठाऊक नसते. अमेरिकी कोटांत त्याच जागी कामगार संघटनेचे लेबल सापडते. 'अमॅल्गमेटेड क्लोदिंग वर्कर्स ऑफ अमेरिका' या संघटनेच्या लेबलांवर १९३९, १९४९, १९६२ अशी साले छापलेली असतात. ते साल कोट शिवल्याचे नसून लेबलच्या नमुन्याची नोंदणी झाल्याचे असते. १९४९ छापलेले लेबल पुढचा नमुना येईपर्यंत, म्हणजे सुमारे १९६२ पर्यंत लावले जात होते. तरीही 'लेबलवर १९४९ लिहिले आहे' म्हणून विकलेले १९६०चे कोट मी किती पाहिले, याची गणती नाही. तुमच्या कोटात असे काही आहे का, ते त्याच खिशात हात घालून पाहून घ्या.

जाकिटाकडे वळतो, कारण तिथे पैसे अजून तुमच्या खिशात आहेत.

एम-६५ हे जाकीट अमेरिकी सैन्यात १९६५ साली आले. त्याच्या आधीच्या १९५१च्या नमुन्यापेक्षा ते ओळखायला सोपे आहे : कॉलरच्या आत चेन लावून घडी घातलेले डोके झाकायचे टोपडे, आणि मनगटाशी बटणाऐवजी व्हेल्क्रोची चिकटपट्टी. सैन्याच्या कपड्यांचे एक सुख असे की त्यांच्या लेबलवर कंत्राटाचा क्रमांक असतो आणि त्या क्रमांकात साल असते. 'डीएसए १००' या अक्षरांनंतर येणारे दोन अंक पाहा. ते ६९ असतील, तर कंत्राट १९६९ या आर्थिक वर्षातले आहे. आणि अमेरिकेचे आर्थिक वर्ष त्या काळी आदल्या वर्षीच्या १ जुलैला सुरू होत असे, म्हणून तो काळ जुलै १९६८ ते जून १९६९ असा धरावा. डीएसए म्हणजे डिफेन्स सप्लाय एजन्सी. १९७७च्या आरंभी तिचे नाव डिफेन्स लॉजिस्टिक्स एजन्सी झाले आणि क्रमांक 'डीएलए'ने सुरू होऊ लागले. लेबलवर वस्तूचा साठा-क्रमांकही असतो. तो ११ अंकी असेल तर जुन्या पद्धतीचा, १३ अंकी असेल तर १९७४च्या सप्टेंबरअखेर लागू झालेल्या नव्या पद्धतीचा.

अमेरिकेच्या शेवटच्या लष्करी तुकड्या मार्च १९७३ मध्ये व्हिएतनाममधून बाहेर पडल्या. तेव्हा 'डीएलए' लिहिलेले किंवा १३ अंकी क्रमांक असलेले जाकीट त्या युद्धात असूच शकत नाही, मग त्यावर कितीही बिल्ले असोत. विक्रेत्याला लेबलचे स्पष्ट छायाचित्र मागा. ते देता येत नाही, लेबल फाटले आहे किंवा अक्षरे पुसली आहेत असे उत्तर आले, तर ते खरेही असू शकते, कारण ही लेबले धुऊन-धुऊन कोरी होतात; पण मग किंमतही पुसल्या गेलेल्या लेबलच्या जाकिटाचीच असायला हवी.

समजा, क्रमांक ६८ किंवा ६९ निघाला. त्यावरून जाकीट त्या काळातले आहे एवढे ठरते, ते व्हिएतनामला गेले होते हे ठरत नाही. सैन्याची कोठारे मोठी असतात, कंत्राट झाल्यावर माल तयार होऊन वाटला जायला वेळ लागतो, आणि त्या वेळी अमेरिकी सैनिक जर्मनीत, कोरियात आणि खुद्द अमेरिकेतही होते. शिवाय व्हिएतनामच्या उष्ण, दमट हवेत सैनिकांचा रोजचा वेष पातळ पॉपलिनचा होता. एम-६५ हे थंडीसाठी बनवलेले, आतून जाड अस्तर लावता येणारे जाकीट. तिथे ते प्रामुख्याने डोंगराळ भागातल्या गारठ्यात वापरले गेले. म्हणजे 'व्हिएतनाममध्ये वापरलेले' हा दावा अशक्य नाही, पण तो कागदपत्रांवाचून सिद्धही होत नाही. मागितलेल्या तिप्पट किमतीतला जो दोन-तृतीयांश भाग जादा आहे, तो सगळाच्या सगळा या एका न सिद्ध होणाऱ्या वाक्याचा आहे.

बिल्ल्यांचेही तेच. एखाद्या तुकडीचा बिल्ला विकत मिळतो, नावाची पट्टी कोणत्याही नावाने भरून मिळते, आणि सुई-दोरा सर्वांकडे असतो. तरी तिथे पाहण्यासारखे काही आहे. विक्रेत्याला बिल्ल्याच्या मागची, म्हणजे जाकिटाच्या आतली बाजू टिपायला सांगा. जाकिटाबरोबर धुतल्या गेलेल्या टाक्यांचा धागा कापडाइतकाच थकलेला असतो, टाक्यांभोवती कापड किंचित चुरगळून बसलेले असते. नव्याने लावलेल्या बिल्ल्याचा धागा ताठ आणि एकरंगी दिसतो, आणि विटलेल्या कापडावर बिल्ला मात्र ताजातवाना असतो. कुठे बिल्ला नसून त्याची गडद सावली उरली असेल, तर तिथे पूर्वी खरोखर काहीतरी होते. माझ्या लेखी अशी रिकामी सावली नव्या बिल्ल्यापेक्षा अधिक विश्वासार्ह आहे.

आणखी एक गोष्ट : सैन्याला माल पुरवणारे कारखाने नागरी बाजारासाठीही तेच जाकीट शिवत आले आहेत. १९५९ साली स्थापन झालेली अल्फा इंडस्ट्रीज हे त्याचे ठळक उदाहरण. तशा जाकिटात सहसा कंत्राटाचा क्रमांक नसतो, आणि त्यात लपवण्यासारखेही काही नसते. जपानमधील काही उत्पादक तर जुन्या नमुन्यांच्या प्रतिकृती इतक्या काटेकोरपणे करतात की लेबलवरचा कंत्राट क्रमांकसुद्धा जुन्यासारखाच छापतात. प्रतिकृती म्हणजे नक्कल करून फसवणूक नव्हे. तिला मूळ वस्तू म्हणून विकणे ही फसवणूक होय. पण अशा प्रतिकृती दोन-चार हातांतून फिरल्या की त्यांच्या आतले उत्पादकाचे लेबल 'गळून' पडते, हे लक्षात असू द्या. म्हणून केवळ क्रमांकावर न थांबता वापराच्या खुणा पाहाव्यात, आणि त्या जिथे असायला हव्यात तिथेच आहेत का हेही पाहावे. कोपरा, कॉलरची घडी, मनगटाची कड आणि खिशाच्या झाकणाचे टोक ही माणसाच्या शरीराने झिजणारी ठिकाणे आहेत. पाठीच्या मधोमध घासलेले, पण कॉलरच्या घडीला मात्र कोरे असलेले जाकीट कोणी अंगावर घालून झिजवलेले नसते.

इतर नावांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तुम्ही आज ना उद्या तिकडे वळालच. बार्बर या ब्रिटिश कंपनीच्या जुन्या मेणकापडी जाकिटांच्या लेबलवर राजघराण्याची चिन्हे असतात : १९७४ साली पहिला राजमान्यतेचा परवाना, १९८२ साली दुसरा आणि १९८७ साली तिसरा मिळाला, त्यामुळे चिन्हे मोजली की काळ साधारण कळतो. बर्बरी या कंपनीच्या नावातला शेवटचा 'एस' १९९९ साली गेला. 'बर्बरीज' लिहिलेला रेनकोट त्याआधीचा असायला हवा. लिव्हाइसच्या जीन्सच्या मागच्या खिशावरील लाल फितीत कंपनीच्या नावातले इंग्रजी 'ई' हे अक्षर १९७१ पर्यंत मोठ्या लिपीत होते. मात्र कंपनी आज स्वतःच जुन्या नमुन्यांच्या प्रतिकृती काढते आणि त्यांवरही मोठा 'ई' असतो, म्हणून त्या एका अक्षरासाठी पैसे मोजू नयेत. लोकरीच्या लडीसारखे दिसणारे, शुद्ध लोकर दर्शवणारे वूलमार्कचे चिन्ह १९६४ साली आले, तेव्हा ते असलेला '१९४०चा सूट' हा प्रश्न चर्चेचाच नाही. अमेरिकी कपड्यांवरील 'आरएन' या कंपनीच्या नोंदणी क्रमांकावरून तारीख काढण्याची सूत्रे फार फिरत असतात. त्यांवरून कंपनीने क्रमांक कधी घेतला याचा अंदाज येतो. तोच क्रमांक ती पुढे अनेक दशके वापरू शकते. देशांची नावे अधिक कामाची आहेत : 'पश्चिम जर्मनी' १९९०च्या पुढे जात नाही आणि 'चेकोस्लोव्हाकिया' १९९२च्या.

अतिनील दिव्याखाली कापड चमकले की ते नवे, असा एक समज आहे. त्या चाचणीवर माझा विश्वास नाही. चमक येते ती पांढरेपणा वाढवणाऱ्या रसायनांमुळे, आणि ती रसायने कपडे धुण्याच्या साबणातही असतात. मागच्या मालकाने १९४०चा सदरा गेल्या वर्षी साबणाच्या भुकटीत धुतला असेल तर तोही चमकेल. चमकला नाही तर थोडेफार काही कळते, चमकला तर काहीच कळत नाही. याउलट धागा जाळून पाहण्याची जुनी चाचणी भरवशाची आहे. अर्थात ती वस्तू हातात आल्यावर, आतल्या दुमडपट्टीतून काढलेल्या एकाच धाग्यावर, चिमट्यात धरून आणि पाण्याचे भांडे जवळ ठेवून करायची. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते, सूत कागदासारखे जळते, आणि पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. कोटाचे कापड लोकरीचे आणि शिवणीचा मूळ धागा मात्र पॉलिएस्टरचा निघाला, तर १९४०च्या दशकाचा दावा तिथेच संपतो.

छायाचित्रे मागताना लाजू नका. विक्रेत्याने समोरून काढलेली दोन-तीन छायाचित्रे कपड्याचे रूप दाखवतात. तुम्हाला हवी असतात ती त्याच्या आतल्या भागाची : काखेतले अस्तर, पँटचा बसायचा भाग उजेडासमोर धरून, काजांची मागची बाजू, कॉलर उलटवून आणि बाहीच्या टोकाची दुमड. खिडकीतून येणाऱ्या तिरप्या उजेडात काढायला सांगा; समोरून मारलेल्या फ्लॅशमध्ये कसरीची (लोकर खाणाऱ्या किडीची) भोके आणि चकाकलेली जागा दोन्ही अदृश्य होतात. एका छायाचित्रात कपड्याशेजारी त्या दिवसाची तारीख लिहिलेला कागद ठेवायला सांगावा, म्हणजे दुसऱ्याच कोणाची छायाचित्रे उचललेली नाहीत याची खातरजमा होते. जो विक्रेता अशा विनंतीवर चिडतो, त्याच्याकडून मी घेत नाही.

मापाच्या बाबतीत लेबलवरचा आकडा सोडून द्या, कारण आकड्यांचे अर्थ दशकागणिक आणि देशागणिक बदलले आहेत. कोट सपाट ठेवून एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंतचे अंतर, एका खांद्याच्या शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंतचे अंतर, पाठीची उंची आणि बाहीची लांबी एवढी चार मापे घ्या, आणि ती तुमच्या अंगाशी नव्हे, तर तुम्हाला नीट बसणाऱ्या कोटाच्या त्याच मापांशी ताडा. बाही आत दुमडलेल्या कापडाइतकी वाढवता येते, कंबर थोडी सैल करता येते, पण खांदा आणि मुंढा बदलायचा तर कोट जवळपास उसवून नव्याने बांधावा लागतो. खांदा बसत नसलेला खरा कोट ही तुमच्यासाठी कपाटात टांगायची वस्तू आहे.

आता किंमत. मागितलेली किंमत म्हणजे विक्रेत्याची इच्छा; विकली गेलेली किंमत म्हणजे बाजार. बहुतेक विक्रीस्थळांवर पूर्ण झालेले व्यवहार वेगळे पाहता येतात. गेल्या काही महिन्यांतले, तुमच्याच मापाचे आणि तशाच अवस्थेतले आठ-दहा व्यवहार शोधा, सर्वांत महाग आणि सर्वांत स्वस्त बाजूला काढा, आणि मधल्यांपासून सुरुवात करा. मापाचा मुद्दा यात लहान नाही. जुन्या कपड्यांत लहान मापे भरपूर आणि मोठी मापे कमी उरली आहेत, त्यामुळे तोच कोट मोठ्या मापात बराच महाग जातो आणि त्यात विक्रेत्याची लबाडी नसते.

त्या रकमेतून दुरुस्ती वजा करा, आणि हिशेब प्रामाणिकपणे करा. सुटलेले बटण, उसवलेली दुमड, फाटलेला खिसा हे सारे किरकोळ. पूर्ण अस्तर बदलणे महाग. लोकरी कापडावरचे अदृश्य रफू हे तर कारागिराच्या तासांच्या हिशेबाने मोजायचे काम आहे. छातीवर कसरीची चार भोके असतील तर दुरुस्तीचा खर्च कोटाच्या किमतीशी बरोबरी करू शकतो. काही दोष मात्र वजा करून भागत नाही, तिथे व्यवहारच सोडावा. गंधकयुक्त रंगाने काळे केलेले सुती कापड वर्षानुवर्षांत आतून आम्ल धरते आणि ओढले की कागदासारखे फाटते. वजन वाढवण्यासाठी धातूचे क्षार पाजलेले जुने रेशीम घडीवर चिरते. अशा कपड्याला कोणताही रफूगार वाचवू शकत नाही, आणि छायाचित्रात तो अगदी ठणठणीत दिसतो. म्हणून विक्रेत्याला सरळ विचारा : 'शिवणीजवळ हलकेच ओढल्यावर कापड टिकते का?' याचे लेखी उत्तर नंतर परताव्याच्या वेळी कामी येते. कोटाच्या छातीत शिवलेला कॅनव्हास आहे की चिकटवलेले बक्रम, हेही विचारावे. चिकटवण्याची पद्धत १९६०-७०च्या दशकांत पसरली आणि जुने चिकट सुटले की छातीवर फुगवटे येतात, ते पुन्हा बसत नाहीत.

तुमच्या दोन वस्तूंबद्दल माझे मत असे. एम-६५च्या विक्रेत्याला लेबलचे, बिल्ल्यांच्या आतल्या बाजूचे आणि कॉलरच्या घडीचे छायाचित्र मागा. क्रमांक १९७३च्या आधीचा निघाला आणि झीज योग्य जागी दिसली, तर बिनबिल्ल्याच्या, त्याच काळातल्या, त्याच अवस्थेतल्या जाकिटाची जी विकली गेलेली किंमत असेल ती देऊ करा. बिल्ले खरेच जुने वाटले तर त्यावर थोडे चढवा, पण दुपटीकडे मुळीच जाऊ नका. युद्धाच्या गोष्टीसाठी त्याला वेगळे पैसे हवे असतील, तर सैनिकाचे सेवा-कागद आणि जाकीट त्याच कुटुंबातून आल्याचा काही पुरावा तो दाखवील. नसेल तर त्याला दुसरा ग्राहक भेटू द्या.

ट्वीडच्या कोटासाठी विक्रेत्याला पत्र लिहा, आणि त्यात 'खोटे', 'फसवणूक' हे शब्द वापरू नका. वर्णनात १९५०चे दशक लिहिले होते, खिशाच्या मूळ शिवणीत निगा-चिन्हांचे लेबल आहे, सोबत भिंगातून काढलेली दोन छायाचित्रे, आणि म्हणून वर्णन वस्तूशी जुळत नाही, एवढेच नोंदवा. तीन महिने उलटून गेल्यामुळे विक्रीस्थळाची परताव्याची मुदत बहुधा संपलेली असेल, तेव्हा पूर्ण रकमेचा हट्ट न धरता १९५०च्या दशकातला कोट आणि नंतरच्या काळातला कोट यांच्या किमतींतला फरक मागा. कापड मुळात टिकाऊ आहे, खांदा बसत असेल तर कोट ठेवा. तो अजून तुमच्याच अंगावर कित्येक हिवाळे काढील.

मात्र तो तुमच्या इतर लोकरी कपड्यांच्या शेजारी टांगला असेल, तर आजच बाजूला काढा. कसरीची अंडी डोळ्यांना सहज दिसत नाहीत आणि जुन्या कोटाबरोबर ती घरात येतात. कोट ब्रशने झाडा, खिसे उलटे करा, जाड प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करा आणि उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका; ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत दिवसभर तशीच राहू द्या, नाहीतर हवेतला दमटपणा गार लोकरीवर बसून कोट ओला होईल.